चालतंय की, मग बदलायचं कशाला?

या महिन्याच्या टपालात उबुंटूच्या, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकट लिनक्स प्रणालीच्या, नव्या आवृत्तीवर जावं की नाही, याच विषयाची पत्रं इतकी आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलले आहेत. एक्सेलवाल्यांनी रागावू नये. पहिलं पत्र लांब आहे आणि उत्तर त्याहून लांब, कारण त्यातली परिस्थिती सोलापुरातल्या बऱ्याच छोट्या कारखान्यांच्या ऑफिसात थोड्याफार फरकानं सापडेल.

प्रश्न : मॅडम, नमस्कार. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. ऑफिसात एक कॉम्प्युटर सर्व्हर म्हणून ठेवलाय, त्यावर उबुंटू २०.०४ आहे. ऑर्डर, चलन, येणी-देणी सगळं एका पीएचपीच्या प्रोग्राममध्ये. तो ज्यानं लिहून दिला तो मुलगा पुण्याला नोकरीला लागला. फोन उचलतो, पण येत नाही. जॅकार्डच्या डिझाइनच्या फायलीही याच मशीनवर असतात. डिझाइनवाला अजून विंडोज एक्सपीवर बसतो, कारण त्याचं सॉफ्टवेअर दुसरीकडे चालत नाही. हल्ली सर्व्हरवर लॉगिन केलं की सपोर्ट संपल्याची सूचना येते आणि ‘ईएसएम’मधून आणखी इतकी सुरक्षा अपडेट मिळतील, असा आकडा दिसतो. मुलगा म्हणतो, आजच्या आज २४.०४ वर नेऊ. मी म्हणतो, चालतंय की! आमचे माग वडिलांच्या काळातले आहेत, तेल-पाणी केलं की अजून टॉवेल काढतात. शिवाय हे मशीन इंटरनेटवर नाहीच. चालत्या गाड्याला खीळ कशाला घालायची? — एक कारखानदार, सोलापूर

उत्तर : चिरंजीव घाई करतायत आणि तुम्ही टाळताय. आज करायचं काम या दोन्हींपेक्षा वेगळं आहे आणि दहा-पंधरा मिनिटांचं आहे. ते खाली सांगते. आधी मागाचं बघू.

माग जुना झाला की झिजतो, आवाज करतो, धागा तोडतो. बिघाड कानाला कळतो आणि तुमच्याच शेडमध्ये राहतो. संगणकातली चूक झिजून तयार होत नाही. ती पहिल्या दिवसापासून आत असते आणि एक दिवस कुणाला तरी सापडते. २०२२ च्या जानेवारीत ‘पीकेएक्झेक’ नावाच्या लिनक्सच्या एका छोट्या प्रोग्राममधली चूक उघड झाली. ती २००९ पासून तिथेच होती. मशीनवर साधं खातं असलेला कुणीही तिच्या जोरावर रूट, म्हणजे सर्वाधिकारी, होऊ शकत होता. बारा-तेरा वर्षं सगळ्यांचं ‘चालतंय की’ होतं, आणि बातमी फुटली त्या दिवसापासून ती चूक वापरण्याची कृतीसुद्धा जगजाहीर झाली. ज्यांच्या आवृत्तीला सपोर्ट होता त्यांना लगेच दुरुस्ती मिळाली. सपोर्ट संपणं म्हणजे एवढंच: मशीन बंद पडत नाही, पुढची अशी चूक सापडेल तेव्हा तुमच्याकडे दुरुस्ती येत नाही.

आणि मशीन इंटरनेटवर नाही म्हणता, तर ईएसएममध्ये किती अपडेट बाकी आहेत हा आकडा त्याला कळला कुठून? बाहेरच्या सर्व्हरवरून यादी आणली तेव्हाच तो मोजता आला. ऑफिसच्या राउटरला वायर जोडलेली आहे, त्याच राउटरच्या वायफायवर हिशेबनिसाचा मोबाइल आहे, आणि पेनड्राइव्ह कुठकुठून फिरून येतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. मशीनवर कुणी ब्राउझर उघडत नाही, एवढाच तुमच्या म्हणण्याचा अर्थ.

आता हिशेब. उबुंटूच्या आवृत्तीचा आकडा म्हणजे वर्ष आणि महिना: २०.०४ म्हणजे एप्रिल २०२०. सम वर्षाच्या एप्रिलमध्ये येणारी आवृत्ती दीर्घ मुदतीच्या सपोर्टची, म्हणजे एलटीएस. तिला पाच वर्षं सुरक्षेच्या दुरुस्त्या फुकट मिळतात. तुमच्या २०.०४ ची ही पाच वर्षं २०२५ च्या मे अखेरीस संपली. २२.०४ ची एप्रिल २०२७ पर्यंत आहेत आणि २४.०४ ची २०२९ पर्यंत.

पाच वर्षं संपली म्हणजे रस्ता संपला असं मात्र नाही. उबुंटू बनवणारी कॅनॉनिकल कंपनी ‘उबुंटू प्रो’ नावाची नोंदणी देते. तिच्यात दुरुस्त्यांची मुदत पाचाची दहा वर्षं होते, म्हणजे २०.०४ ला एप्रिल २०३० पर्यंत. घरगुती आणि छोट्या धंद्याच्या वापराला पाच मशीनपर्यंत ती फुकट आहे. तुमच्या सूचनेतलं ‘ईएसएम’ ते हेच. ईमेल देऊन खातं काढायचं, तिथे मिळणारा लांबलचक टोकन मशीनवर ‘प्रो अटॅच’ या आज्ञेपुढे टाकायचा, की थांबलेल्या दुरुस्त्या यायला लागतात. प्रोग्रामला धक्का लागत नाही, कारण पीएचपी तेच राहतं, डेटाबेस तोच राहतो, फक्त चुका बुजतात. हे आजच करा. मी दहा-पंधरा मिनिटांचं काम म्हटलं ते हे.

मग २०३० पर्यंत तसंच बसायचं का? नियमानं बसता येईल. मी बसणार नाही, आणि त्याचं कारण उबुंटूत नाही, तुमच्या पत्रातच आहे: पुण्याचा तो मुलगा आज फोन उचलतो. प्रोग्राममध्ये काय, कुठं, का केलंय ते त्याला अजून आठवतंय. आणखी चार-पाच वर्षांनी तो कुठल्या देशात असेल आणि त्याला तुमचं चलन आठवेल का, कुणी सांगावं? अशा मशीनच्या अपग्रेडची तारीख उबुंटूच्या वेळापत्रकावरून काढायची नसते. ज्याला ते मशीन माहीत आहे तो माणूस हाताशी आहे तोवर काढायची. प्रो नं तुम्हाला सवड दिली आहे. ती त्याच्याकडून काम करून घ्यायला वापरा.

काम खरंच निघणार आहे. २०.०४ बरोबर पीएचपी ७.४ येतं, २२.०४ बरोबर ८.१ आणि २४.०४ बरोबर ८.३. सात आणि आठमध्ये भाषेचे काही नियमच बदलले. त्यातला एक नीट समजून घ्या, कारण हिशेबाच्या प्रोग्रामला तोच चावतो. समजा ग्राहकाच्या नोंदीत बाकीचा रकाना मजकूर म्हणून ठेवलाय आणि काही ग्राहकांचा तो रकाना नुसता रिकामा आहे. प्रोग्राम विचारतो, ‘बाकी शून्याबरोबर आहे का?’ पीएचपी ७.४ रिकाम्या मजकुराला शून्य समजतं आणि ‘हो’ म्हणतं, ग्राहक निल. पीएचपी ८ पासून रिकामा मजकूर आणि शून्य हे वेगळे. उत्तर ‘नाही’ येतं आणि तोच ग्राहक वसुलीच्या यादीत जाऊन बसतो. पडद्यावर लाल अक्षरात काही येत नाही, प्रोग्राम अडत नाही, एवढंच की लातूरच्या जुन्या व्यापाऱ्याला बाकी नसताना तगाद्याचा मेसेज जातो. मी हे एका दुकानाच्या प्रोग्राममध्ये पाहिलंय. दुकानदार आठवडाभर हिशेबनिसावर ओरडत होता.

म्हणून अपग्रेडच्या आधी तीन छापील कागद काढून ठेवायचे: येणीची पूर्ण यादी, मागच्या महिन्याच्या विक्रीची बेरीज, आणि कुठल्याही एका गिऱ्हाइकाचा वर्षाचा खातेउतारा. अपग्रेडनंतर तेच तीन पुन्हा काढायचे आणि दोन्ही गठ्ठे शेजारी ठेवून बघायचे. यासाठी संगणकाचं ज्ञान लागत नाही, हिशेबनीस लागतो. फरक दिसला की पुण्याला फोन. डेटाबेसचं एक बरं आहे: मायएसक्यूएल ८.० हीच मालिका २०.०४, २२.०४ आणि २४.०४ तिन्हींत आहे, तिथे एवढी उलथापालथ नाही. पण अपाची वेब सर्व्हरला जुन्या पीएचपीचं मॉड्यूल बंद करून नवं चालू करायला सांगावं लागतं. ते राहिलं तर एक तर अपाची उठत नाही, किंवा चलनाच्या जागी प्रोग्रामचा कोडच पडद्यावर दिसतो. घाबरू नका, डेटा जागेवर असतो.

२०.०४ वरून थेट २४.०४ वर उडी मारता येत नाही. आधी २२.०४, तिथे सगळं चाललं की मग २४.०४. त्यामुळे चिरंजीवांचं ‘आजच्या आज’ तसंही जमणारं नव्हतं.

हे सगळं चालत्या डिस्कवर करू नका, ही माझी एकच हट्टाची अट. बाजारातून सध्याच्या डिस्कएवढी किंवा तिच्याहून मोठी नवी एसएसडी आणा. क्लोनझिला नावाचं फुकट साधन पेनड्राइव्हवर घेऊन जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्या डिस्कवर उतरवा. मग मशीन बंद करा, जुनी डिस्क काढा, तिच्यावर तारीख लिहा आणि कपाटात ठेवा. अपग्रेड नक्कलेवर करायचं. बिनसलं तर जुनी डिस्क परत जोडली की पंधरा मिनिटांत कारखाना पूर्वपदावर. दोन्ही डिस्क एकाच वेळी जोडून मशीन सुरू करण्याचा मोह मात्र आवरा: नक्कल करताना डिस्कचे ओळख-क्रमांकही तसेच्या तसे उतरतात. लिनक्स त्याच क्रमांकांवरून डिस्क ओळखतं, तेव्हा कुठली डिस्क खरी याचा त्याला पत्ता लागत नाही आणि भलतीवरूनच काम सुरू होण्याची शक्यता असते. कपाटातली डिस्क हा नेहमीच्या बॅकअपला पर्याय नाही, हे वेगळं सांगायला नको. डेटाबेसची रोजची प्रत वेगळी हवीच, आणि ती दुसऱ्या मशीनवर उघडून बघितलेली हवी.

आता तुमचा एक्सपीवाला. खरं सांगू? तुमच्या ऑफिसात धोक्याचं मशीन ते आहे, उबुंटूचं नाही. एक्सपीचा सपोर्ट एप्रिल २०१४ मध्ये संपला. ते फक्त जुन्या पद्धतीच्या शेअरिंगची भाषा बोलतं, आणि उबुंटूवर फोल्डर शेअर करणाऱ्या सांबानं ती भाषा २०१९ च्या ४.११ आवृत्तीपासून आपणहून बंद केली. २०.०४ आली तीच ही ४.११ मालिका घेऊन. म्हणजे पुण्याच्या मुलानं सांबाच्या सेटिंगच्या फायलीत ती मुद्दाम चालू करून ठेवलेली असणार. अपग्रेड चालू असताना मध्येच विचारणा होते: ही फाइल तुम्ही बदललेली दिसते, तुमची ठेवू की नवी टाकू? तिथे ‘तुमची ठेवू’ हेच आधीपासून निवडलेलं असतं, तसंच राहू द्या. घाईत नवी घेतली तर दुसऱ्या दिवशी सकाळी डिझाइनवाल्याला फोल्डर दिसणार नाही आणि सगळे वायर हलवून बघत बसतील. पण ती जुनी भाषा कायम चालू ठेवणं ही पळवाट आहे. एक्सपीच्या मशीनला राउटरमधून बाहेर जायची वाट बंद करा, आणि डिझाइनच्या सॉफ्टवेअरचं काय करता येईल ते त्याच्या विक्रेत्याशी एकदा बोलून घ्या.

तारीख कुठली? जीएसटीची ११ आणि २० गेल्यावरची. मार्चअखेर नको, दिवाळीच्या तोंडावर नको. एप्रिल-मेच्या दुपारीही नको. ऑफिसचं तापमान बघता तुमची एसएसडी सोडा, तुम्हीच टिकणार नाही, आणि वळवाच्या वाऱ्यानं लाइट कधी जाईल त्याचा भरवसा नाही. पॅकेज बसत असताना मध्येच लाइट गेली तर निम्मी नवी आणि निम्मी जुनी अशी अवस्था होते. त्यातून बाहेर येता येतं, अर्धवट राहिलेली जुळवाजुळव पुरी करायची आज्ञा आहे, पण रात्री अकरा वाजता ती शोधत बसायची वेळ कशाला आणता? यूपीएसची बॅटरी आधी तपासा. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत कारखान्यात तसंही माणूस मिळत नाही. ते तीन-चार दिवस मला चांगले वाटतात, फक्त जीएसटीच्या तारखांचं आधी उरकून घ्या. मुलाला मशीनसमोर बसवा, घरून दुरून करू देऊ नका. पुण्याला आधीच सांगून ठेवा की त्या दिवशी फोन येणार. आणि त्याला त्या कामाचे पैसे द्या. मोबदला न देता आठवणीवर काम करून घेतलं की आठवण लवकर जाते.

प्रश्न : मॅडम, मी विद्यापीठात भूगोलात पीएचडी करते. लॅपटॉपवर उबुंटू २२.०४ आहे. उजनीच्या लाभक्षेत्राचे नकाशे क्यूजीआयएसमध्ये करते, आकडेमोड पायथनमध्ये आणि लिखाण मराठीत, इनस्क्रिप्टनं. २४.०४ उपलब्ध आहे अशी खिडकी सारखी उघडते. मैत्रीण म्हणते, करून टाक, तासाभरात होतं. प्रबंध पुढच्या काही महिन्यांत द्यायचाय. करू का? — जुळे सोलापूर

उत्तर : नको. प्रबंध देऊन ये, मग करू.

मैत्रिणीचं तासाभराचं खरं आहे. तासाभरात अपग्रेड होतं, त्यानंतर काय काय नव्यानं बसवावं लागतं ते ती सांगत नाही. २२.०४ मध्ये पायथन ३.१० आहे, २४.०४ मध्ये ३.१२. तू पिपनं, म्हणजे पायथनची पॅकेजेस आणणाऱ्या आज्ञेनं, जे काही बसवलं असशील ते ३.१० च्या नावाच्या फोल्डरात आहे, ३.१२ तिकडे बघतसुद्धा नाही. एकेका कामासाठी पॅकेजेसचे वेगळे कप्पे, म्हणजे आभासी पर्यावरणं, केली असशील तर तीही नव्यानं करावी लागतात. शिवाय पॅकेजेस बसवायला लागणारं ‘डिस्टयूटिल्स’ ३.१२ मधून काढून टाकलंय, त्यामुळे जुनी काही पॅकेजेस बसतानाच कोलमडतात. क्यूजीआयएस ३.२२ वरून ३.३४ वर जाईल. नव्यात सेव्ह केलेली प्रोजेक्ट फाइल मार्गदर्शकांच्या जुन्या आवृत्तीत उघडली की आधी इशाऱ्याची खिडकी येते आणि एखादी रंगसंगती किंवा मांडणी बिघडते. एरवी ही सगळी चार दिवसांची कटकट. प्रबंधाच्या तोंडावर ती कोण निस्तरणार?

तुला एप्रिल २०२७ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार आहेत. एवढी मुदत असते ती अशा वेळी थांबता यावं म्हणूनच. ती खिडकी त्रास देत असेल तर ‘सॉफ्टवेअर अँड अपडेट्स’मध्ये जा. ‘अपडेट्स’च्या पानावर नव्या आवृत्तीची सूचना केव्हा द्यायची असं विचारलेलं आहे, तिथे ‘नेव्हर’ कर. त्याच पानावर रोजच्या सुरक्षा अपडेटचीही सेटिंग आहे, तिला हात लावू नकोस. पुष्कळ जण वैतागून दोन्ही बंद करतात आणि मग वर्षभर काहीच दुरुस्ती येत नाही.

मराठीची काळजी सोड. युनिकोडमधला मजकूर तसाच राहतो. फार तर इनस्क्रिप्टची पट्टी सेटिंगमध्ये पुन्हा जोडावी लागेल. तरी प्रबंधानंतर करशील तेव्हा आधी २४.०४ पेनड्राइव्हवर घे, त्यावरूनच लॅपटॉप सुरू कर आणि काहीही न बसवता वायफाय, प्रिंटर, प्रोजेक्टर आणि टायपिंग बघून घे. ‘क्ष’ आणि ‘ऱ्या’ उमटले की पुढचं.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एलटीएस म्हणजे शिळं सॉफ्टवेअर, असं आमच्या हॉस्टेलवर सगळे म्हणतात. दर सहा महिन्यांची आवृत्ती घेतली तर काय बिघडतं?

उत्तर : तुझं काही बिघडत नाही, तुला वेळ आहे. फक्त अटी वाचून घे. त्या मधल्या आवृत्त्यांना ९ महिनेच सपोर्ट असतो. एकदा त्या रांगेत गेलास की पुढची एलटीएस येईपर्यंत दर सहा-नऊ महिन्यांनी अपग्रेड करणं आलंच, आणि त्यात नेमकी सेमिस्टरची परीक्षा येणार. मागे फिरून जुन्या एलटीएसवर उतरायची सोय नाही, पुन्हा पहिल्यापासून बसवावं लागतं.

नवा लॅपटॉप आहे म्हणून नवं कर्नल, म्हणजे यंत्रणेचा गाभा, हवं असेल तर त्यासाठी एलटीएस सोडायचं कारण नाही. एलटीएसच्या डेस्कटॉपवर ठरावीक काळानं नवं कर्नल येतं. २२.०४ आली ५.१५ घेऊन आणि पुढे ६.८ पर्यंत पोचली.

शिळ्याचा एक फायदाही ऐक. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या फायली दाबून लहान करणाऱ्या साधनात कुणीतरी मुद्दाम चोरदार घातल्याचं उघड झालं. अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला एसएसएचनं, म्हणजे दुरून, लॉगिन करायला किंचित जास्त वेळ लागतोय असं दिसलं, त्यानं पिच्छा पुरवला आणि ते सापडलं. ते चोरदार ५.६.० आणि ५.६.१ या ताज्या आवृत्त्यांत होतं. डेबियन आणि फेडोरा ही उबुंटूसारखीच दुसरी लिनक्स. ताज्या मालाच्या रांगेत उभ्या असलेल्या डेबियनच्या टेस्टिंगपर्यंत आणि फेडोराच्या विकासातल्या आवृत्तीपर्यंत ते पोचलं होतं. २४.०४ तेव्हा तयार होत होती, तिची बीटा, म्हणजे चाचणीची आवृत्ती, आठवडाभर पुढे ढकलावी लागली. २०.०४ आणि २२.०४ वाल्यांपर्यंत ते पोचलंच नाही. त्यांचं एक्सझेड जुनं होतं.

एलटीएसवरून एलटीएसवर जातानाही उबुंटू स्वतः थांबतं, हे तुझ्या हॉस्टेलवर सांग. २४.०४ एप्रिल २०२४ मध्ये आली, पण २२.०४ वाल्यांना ती सुचवली गेली ऑगस्टअखेर २४.०४.१ आल्यावर. आणि तेव्हाही अपग्रेड करणाऱ्या साधनात दोष सापडला म्हणून तो रस्ता काही दिवस पुन्हा बंद ठेवला होता. ज्यांनी ती काढली तेच इतके सबुरीनं घेत असतील तर तू पहिल्या दिवशी रांगेत कशाला?

प्रश्न : निवृत्त शिक्षक आहे, होटगी रोडला राहतो. जुन्या लॅपटॉपवर नातवानं लुबुंटू, म्हणजे उबुंटूचा हलका प्रकार, १८.०४ टाकून दिलं होतं, बत्तीस बिटवालं. पेपर वाचतो, पेन्शनचं बघतो. पुढची आवृत्ती येतच नाही असं म्हणतोय. लॅपटॉप टाकून देऊ का?

उत्तर : सर, टाकू नका. १८.०४ नंतर बत्तीस बिटच्या मशीनसाठी एलटीएस आवृत्ती निघालीच नाही, म्हणून पुढची येत नाही. पण लॅपटॉप खरोखर बत्तीस बिटचा आहे का, ते आधी नातवाला बघायला सांगा. टर्मिनलमध्ये ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा दिली की वरच्याच ओळींत दिसतं. तिथे चौसष्टचा आकडा असेल तर मशीन चांगलं आहे, नातवानं चुकून बत्तीसचं टाकलं एवढंच. असे लॅपटॉप मी पुष्कळ पाहिलेत. मग २४.०४ मालिकेतलं लुबुंटू कोरं बसवून घ्या. मेमरी ४ जीबी करता आली तर करा, जुन्या लॅपटॉपची मेमरी महाग नसते.

खरंच बत्तीसचा निघाला तर डेबियन १२ बसवता येईल. पण तो त्या मार्गावरचा शेवटचा थांबा: ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये बत्तीस बिटचा इन्स्टॉलर नाही.

काहीही निघो, आहे त्या १८.०४ वरून पेन्शनचं आणि बँकेचं आज बंद करा. पेपर वाचायला हरकत नाही.

प्रश्न : मिंट २१ वापरतो. तुमचं हे सगळं आम्हाला लागू आहे का? — बार्शी

उत्तर : लागू आहे. मिंट २१ हे उबुंटू २२.०४ वर उभं आहे आणि मिंट २२ हे २४.०४ वर. त्यामुळे तुमचीही मुदत एप्रिल २०२७. तुमच्याकडे यंत्रणा आधीच्या स्थितीवर परत नेणारं टाइमशिफ्ट आयतं आहे, अपग्रेडच्या आधी त्याचा एक स्नॅपशॉट घ्या. मात्र टाइमशिफ्ट मुळात यंत्रणेच्या फायली सांभाळतं. तुमचे फोटो आणि कागदपत्रं त्यात आपोआप येत नाहीत, ती वेगळ्या डिस्कवर काढून ठेवा. पुढचा महिना एक्सेलवाल्यांचा.